परतभेटीचा चहा

"तो हार खाली ठेवा. आधी खाली ठेवा. आणि त्या बँडवाल्याला सांगा, तोंडातून पिपाणी काढ, नाहीतर मी येऊन काढते."

बाई कॉलेजच्या फाटकात उभ्या राहून ओरडत होत्या. समोर आमचे प्राचार्य झेंडूचा हार दोन्ही हातांत धरून असे उभे होते, जणू हार त्यांनी कुठून तरी चोरून आणला होता. बाईंचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगून पटायचा नाही. संकठा घाटाच्या पायरीवरून त्यांनी नावाड्याला हाक मारली की पलीकडच्या वाळूत झोपलेली कुत्री उठून चालू पडत. मुन्शी घाटावरची कबुतरं त्या आवाजाने एकदा उडाली ती थेट रामनगरला जाऊन बसली आणि अजून तिकडेच आहेत, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

"मॅडम, पाहुणे येतायत," प्राचार्य म्हणाले.

"पाहुणे नाही, तपासनीस येतायत. तपासनिसाला कुणी हार घालतं का?"

"घालतात की." प्राचार्य खरोखरच गोंधळले होते. "दर वेळी घालतो आपण. मागच्या समितीला तर शालसुद्धा दिली."

"म्हणूनच आपलं हे असं झालंय."

बँडवाले पांगले, हार गणपतीच्या फोटोला गेला. (ही सगळी बोलणी हिंदीत झाली, मी मराठीत सांगतोय. बाई माझ्याशी मात्र मराठीच बोलत, म्हणजे बनारसातली मराठी, जिच्यात निम्मं सामान हिंदीचं असतं.)

येणारी समिती दिल्लीची नव्हती, लखनौचीही नव्हती. सोनभद्रच्या डोंगरातल्या एका गोंड वस्तीतून काही माणसं जीपने निघाली होती. आमच्या वसतिगृहात त्या वस्तीच्या मुली राहून शिकत होत्या. त्यांना इथे ठेवायचं की त्याच जीपमध्ये घालून संध्याकाळी परत न्यायचं, हे ती माणसं ठरवणार होती. मुलींची परीक्षा तोंडावर आली होती. आणि गावाने नको म्हटलं तर नको, असा शब्द बाईंनी स्वतः देऊन ठेवला होता.

आता हा असला शब्द कुणी देतं का? पण बाईंचं सगळंच असं.

बाई कॉलेजच्या आदिवासी शिक्षण केंद्राच्या प्रमुख. केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि तीत बाईंची छत्री. ही छत्री त्या पौष महिन्यातही जवळ ठेवत, आणि उघडलेली मी ती कधी पाहिली नाही. घर राजा घाटाच्या वरच्या गल्लीत. पूर्वज कधीकाळी भिक्षुकीसाठी इकडे आले आणि गंगेचं पाणी पिऊन इथलेच झाले. बाईंची एक खोड अशी की त्या कुणालाच नावाने हाक मारत नसत. जो जे शिकवेल ते त्याचं नाव. मी 'भूगोल'. ग्रंथपाल 'कपाट'. प्राचार्य मुळात वनस्पतिशास्त्राचे, म्हणून भर सभेत "वनस्पतिशास्त्र, तुम्ही मधे बोलू नका" असं ऐकून घेत. मुलींना मात्र त्या पूर्ण नावाने, गावासकट हाक मारत.

मी नागपूरहून नोकरीला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं.

"मराठी आहेस ना? चल, तुला कामाला लावते."

"कसलं काम, बाई?"

"बसायचं."

मला वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. पुढल्याच आठवड्यात मी, बाई आणि प्राचार्य त्या डोंगरातल्या वस्तीच्या शिवेवर एका महुआच्या झाडाखाली बसलो होतो. कॉलेजला गावाशी भागीदारी करायची होती. प्राचार्यांच्या पिशवीत भाषण होतं. बाईंनी गाडी शिवेवरच थांबवली. म्हणाल्या, बोलावल्याशिवाय आत जायचं नाही.

"अहो, पण आपण आलोय हे त्यांना कळणार कसं?" प्राचार्य म्हणाले.

"कळलंय केव्हाच."

"मग येत का नाहीत?"

"बघतायत."

ऊन असं की गाडीच्या टपावर पोळी भाजली असती. बकऱ्या आल्या, आम्हाला बघून गेल्या. एका बकरीने प्राचार्यांचा रुमाल खाल्ला आणि उरलेल्या बकऱ्यांना तो कसा होता ते सांगायला गेली. दुपार कलली तेव्हा एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या. तोंडात खैनी, नजर अशी की बघितल्यावर आपण काहीतरी केलंय असं वाटावं. गाव त्यांना दाई म्हणे. तिकडे आई-आजीला म्हणतात तसं. गोंडांच्या त्या वस्तीत दाई हो म्हणाल्याशिवाय कोंबडं आरवत नसे.

"काय पाहिजे?" दाईंनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "बसलोय."

"बसा," म्हणून दाई निघून गेल्या.

प्राचार्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी झाडावर चढायच्या बेतात होतो. सूर्य मावळतीला दाई पुन्हा आल्या. "अजून बसलात?" "हो." "मग आत या." आत गेल्यावर पाणी मिळालं, जेवण मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव बघायला मिळालं. निघताना दाई बाईंना म्हणाल्या, "मास्टरनी, तू आमचं गाव बघितलंस. तुझं कोण बघणार?"

एखादीला सोन्याची मोहर सापडावी तशा बाई खूश झाल्या. "तुम्ही बघा," म्हणाल्या.

तिथून परतभेट सुरू झाली. कॉलेजने गाव बघितलं की गावाने कॉलेज बघायचं. गावातली माणसं येऊन जंगलाबद्दल, बियाण्याबद्दल वर्गात सांगत, तेव्हा त्यांना बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकाइतकंच मानधन आणि त्याचीच खुर्ची. आणि गावाला कॉलेज नापास करायचा हक्क. प्राचार्यांनी मान डोलावली, कारण एवढ्या लांबून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून कोण येतंय, असा त्यांचा हिशेब होता.

बाईंचा आणखी एक नियम होता, त्याची मात्र सगळ्यांना धास्ती. तपासल्या जाणाऱ्या माणसाने खुलासा करायचा नाही. एकदा रसायनशास्त्र सांगायला लागले की या मुलींचा प्रयोगशाळेत शेवटचा नंबर का लागतो, त्यामागे मोठं कारण आहे. बाईंनी छत्री वर केली. "सांगावं लागतंय ना? मग नापास." दुसऱ्या दिवसापासून त्या मुली पहिल्या टेबलावर.

त्यातली सोनमती आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेली त्या वस्तीतली पहिलीच मुलगी. सूक्ष्मदर्शकाचं तिला इतकं वेड की डोळा लावला की जेवणाची घंटा ऐकू जात नसे. मी तर म्हणतो तिला त्यातून आमच्या सगळ्यांचं भविष्य दिसत असावं, म्हणूनच ती इतकी कमी बोलायची.

आणि मग ती थाळ्यांची भानगड झाली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात या मुलींच्या थाळ्या वेगळ्या फळीवर ठेवल्या जातात, असं कळलं. बाई चौकशीला गेल्या आणि चौकशी वगैरे न करता त्यांनी सगळ्या थाळ्या अंगणात ओतल्या. स्टीलचा तो डोंगर कोसळला तेव्हा सारनाथचे पर्यटक भूकंप म्हणून बाहेर पळाले. पुन्हा कुणाला कुठली थाळी कुणाची हे सांगता येईना. वेगळी फळी करणारी देखरेखीची बाई त्याच आठवड्यात दुसरीकडे गेली. पण बातमी डोंगरात पोचली होती. दाईंचा फोन आला, अगदी थोडक्यात. "ऐकलंय. बघायला येतोय. तसंच असेल तर पोरी घेऊन जाऊ."

म्हणून तो हार, तो बँड, आणि म्हणून बाई फाटकात ओरडत होत्या.

जीप आली. दाई उतरल्या, मागून गावातली चार माणसं. दाईंनी कुणाचा नमस्कार घेतला नाही. सरळ वसतिगृहाकडे चालायला लागल्या. दाईंनी प्रत्येक न्हाणीघराची कडी आतून लावून पाहिली, बाहेरून लावून पाहिली. एक कडी बाहेरून लावून पाहिली तेव्हा आत प्राचार्यांचे लेखनिक होते; ते आतून ओरडेपर्यंत दाई ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाज बाहेर येतो. बरंय." स्वयंपाकघरात थाळ्यांच्या चळतीतून मधलीच थाळी ओढून काढली, वास घेतला, परत मधेच खुपसली. मग सोनमतीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून चक्क झोपल्या. आम्ही मनात नवस बोलत होतो, झोपू दे, झोपू दे. तास संपता संपता डोळे उघडून त्यांनी मास्तरांना विचारलं, "तू मागं का बघत नाहीस? पुढच्यांनीच पैसे दिलेत?" मास्तरांनी तोंड उघडलं, बाईंची छत्री पाहिली, तोंड मिटलं.

पण एकंदरीत बरं चाललं होतं. दाई एकदा हसल्यासुद्धा. पंख्याचं बटण त्यांनी खालीवर पाच-सहा वेळा केलं आणि खूश होऊन माणसांना दाखवलं. प्राचार्य माझ्या कानात म्हणाले, "पास होतोय आपण." मी म्हटलं, आता फक्त चहा राहिलाय.

चहाची व्यवस्था बाईंनी स्वतःकडे घेतली होती. बाकी सगळा थाट बंद केला, पण चहाच्या बाबतीत त्या अस्सल बनारसी. ओळखीच्या कुंभाराकडून त्यांनी त्याच सकाळी कोरे कुल्हड आणवले होते. मातीचा तो छोटा पेला, प्यायचा आणि फोडून टाकायचा. गरम चहा पडला की मातीचा असा वास सुटतो की मेलेला माणूस एक घोट मागेल. आमच्याकडे कुणी मोठा पाहुणा आला की त्याला कुल्हडातच द्यायचा. पाहुण्यांपुरते कुल्हड आले. आम्ही घरचेच, म्हणून आम्ही रोजचे चिनी मातीचे कप घेतले.

व्हरांड्यात सगळे बसलो. चहा झाला. दाईंनी शेवटचा घोट घेतला, कुल्हड हातात फिरवला.

"हे आता कुठे ठेवायचं?"

"ठेवायचं नाही, माताजी," प्राचार्य मोठ्या आनंदाने म्हणाले. "तिकडे टोपली आहे ना, तिच्यात फेकायचं. फुटलं तरी चालेल."

दाईंनी टोपलीकडे पाहिलं. मग प्राचार्यांच्या हातातल्या कपाकडे. मग माझ्या.

"आणि ते?"

"हे धुतो," प्राचार्य म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्या हसण्यामागचा माणूस तेवढा निघून गेला.

गावातल्या माणसांनी आपापले कुल्हड जमिनीवर ठेवले, कुणीच फेकले नाहीत. मी बाईंकडे बघितलं. आता त्या बोलतील. आता संकठा घाटापर्यंत ऐकू जाईल असं सांगतील की हा मान आहे, अपमान नाही, आम्ही मंत्र्यालासुद्धा असंच देतो. बाईंच्या हातात कप होता. त्या तो कप कुठे ठेवावा हे न कळल्यासारख्या धरून बसल्या होत्या.

"मास्टरनी, हे कुणी आणलं?" दाईंनी विचारलं.

"मी."

"माझ्या घरी पाणी प्यालीस तू?"

"प्याले."

"कशात?"

"तुमच्या पेल्यात."

"मग मी तो फोडला?"

"नाही." बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा लहान ऐकला. "घासून फळीवर ठेवलात. सगळ्यांच्यात."

"तेवढंच विचारायचं होतं," असं म्हणून दाई उठल्या. गावातली माणसं उठली. मैदानातल्या कडुनिंबाखाली जाऊन ती गोल बसली आणि त्यांनी मुलींना बोलावून घेतलं. त्यांच्यात ठरवायचं म्हणजे प्रत्येकाने बोलायचं, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

आम्ही व्हरांड्यात. प्राचार्य येरझारा घालत होते. मी उठलो.

"बाई, मी जाऊन सांगतो. दोन मिनिटांचं काम आहे."

बाईंनी छत्रीच्या मुठीने माझी कॉलर मागून अडकवली. "बस, भूगोल."

"पण यात वाईट काही नव्हतं हो."

"मला माहीत आहे का?" बाई म्हणाल्या. "आलमारी कपांनी भरलेली होती. त्यातले कप मी त्यांच्यासाठी काढले नाहीत. मान द्यायचा म्हणून काढले नाहीत, का लहानपणापासून बाहेरच्याला वेगळं द्यायची सवय हाताला आहे म्हणून? तू सांगू शकतोस बिलकुल खात्रीने? मला सांगता येत नाही. मग त्यांना जाऊन तू काय सांगणार?"

मी बसलो. प्राचार्य मात्र समोर येऊन उभे राहिले. त्यांना मी आजवर हार धरलेला माणूस म्हणूनच ओळखत होतो. त्या दिवशी ते वेगळेच बोलले.

"मॅडम, तुमचा शब्द मागे घ्या. सोनमतीची परीक्षा आहे. तुमच्या नियमापायी तिचं वर्ष घालवायचं?"

"तिचं वर्ष गेलं तर मी नोकरी सोडेन."

"त्याने तिचं वर्ष परत येणार आहे का?"

ज्या बाईने आयुष्यात कुणाचं शेवटचं वाक्य होऊ दिलं नाही, ती खाली बघत राहिली. लांब कडुनिंबाखाली सोनमती उभी राहिलेली दिसली. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, हात तेवढे हलत होते. दाईंनी हाताने तिला बस म्हणून खूण केली. ती बसली नाही. पुन्हा खूण केली. ती बसली नाही. आमच्या प्राचार्यांनी डोळे मिटून वनस्पतींची लॅटिन नावं म्हणायला सुरुवात केली. घाबरले की ते तेच करत.

शेवटी मंडळी उठली. दाई व्हरांड्याच्या पायरीशी आल्या, वर चढल्या नाहीत.

"पोरगी म्हणते, परीक्षा दिल्याशिवाय जीपमध्ये बसणार नाही. न्यायचं तर उचलून न्या, म्हणते." दाईंनी खैनीची चिमूट ओठात ठेवली. "तुम्ही आम्हाला विचारता, आम्ही तुम्हाला विचारतो, मला कुणी विचारलं, असंही म्हणते. ते खरं आहे. मुली राहतील."

प्राचार्यांचे डोळे उघडले.

"पण आम्ही रिकामी जीप नेणार नाही," दाई म्हणाल्या. "मास्टरनी, चल."

"कुठे?"

"गावात. आमच्या पोरी तुमच्याकडे, तू आमच्याकडे. परीक्षा होईपर्यंत. मग बघू."

"अहो, मॅडमची रजा..." प्राचार्यांनी सुरुवात केली. पण बाई उठल्या होत्या. जाताना त्यांनी जमिनीवरचे ते सगळे कुल्हड उचलले, पदरात घेतले, आणि नळावर एकेक धुऊन व्हरांड्याच्या कठड्यावर पालथे घातले. मातीचा पेला धुण्यात काही अर्थ नसतो हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी धुतले. मग जीपमध्ये मागे, गावातल्या माणसांच्या मधे जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, "घरी सांग, जेवायला थांबू नका." छत्री जिन्याखालीच राहिली.

परीक्षा संपेपर्यंत बाईंच्या अनेक बातम्या आल्या. त्यातल्या बऱ्याच मीच पसरवल्या: म्हणे त्यांच्या एका हाकेने अस्वल जंगल सोडून मध्य प्रदेशात गेलं. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. केंद्र मी सांभाळत होतो, म्हणजे जिन्याखाली छत्रीसमोर बसत होतो. शेवटचा पेपर झाल्यावर सोनमतीला घेऊन मी गावाकडे निघालो. या खेपेला शिवेवर मी स्वतःहून बसलो. फार बसावं लागलं नाही; सोनमतीने आत जाऊन सांगितलं असावं.

बाई हापशापाशी उकिडव्या बसून राखेने भांडी घासत होत्या. एका घरची नव्हेत. अख्ख्या वस्तीची असावीत, हापशाभोवती एवढा ढीग होता. हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि पुढचा पेला घेतला. ओरडल्या नाहीत. शेजारी बाजेवर दाई.

मी दाईंना सगळं सांगितलं. पेपर चांगले गेले. कॉलेजात आता सगळ्यांना एकसारखे स्टीलचे पेले, प्राचार्य आपला पेला स्वतः विसळतात आणि विसळताना चार जणांना दाखवतात. पुढच्या वर्षी आणखी दोघी-तिघी मुली आल्या तर जागा आहे.

दाई ऐकत होत्या. मी घसा खाकरला.

"दाई, मग आमचं कॉलेज पास झालं म्हणायचं का? बाईंना घेऊन जाऊ?"

दाईंनी धुतलेल्यातला एक पेला उचलला, उन्हात धरून आतून बघितला आणि परत बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"भांडी व्हायची आहेत अजून," त्या म्हणाल्या.